रस्ता वर, घर खाली

नालासोपाऱ्यात रस्ता दुरुस्त झाला, की घर बुटकं होतं. पूर्वेच्या जुन्या बैठ्या चाळींमधून फिरलं की हे दारोदारी दिसतं. घर बांधलं तेव्हा दारासमोर दोन पायऱ्या होत्या. रस्त्यावरून चढून आत जावं लागायचं. मग डांबराचा एक थर पडला. पाण्याच्या पाइपासाठी खणलेला चर बुजवताना दुसरा, गणपतीच्या आधी खड्डे बुजवताना तिसरा आणि शेवटी काँक्रीट. पायऱ्या एकेक करून रस्त्याच्या पोटात गेल्या. आता घरात जायला खाली उतरावं लागतं. मे महिना संपत आला, की माणसं उंबऱ्यावर विटांचा एक थर रचतात, त्यावर सिमेंट फासतात आणि पुढचे चार महिने लहानथोर पाय उचलून तो ओलांडत राहतात. ज्यांना परवडतं ते खोलीत भराव टाकून लादी वर घेतात. मग पंखा डोक्याशी येतो.

नकाशावर यातलं काही दिसत नाही. नकाशा वरून पाहतो आणि वरून पाहिलं, की रस्ता म्हणजे दोन समांतर रेषा.

शहरातले रस्ते आणि मोकळ्या जागा यांच्या रचनेचं काम करणारी एक वास्तुविशारद अशाच दोन रेषा घेऊन इथे आली. तिच्या कचेरीकडे आलेलं काम तसं आटोपशीर होतं. स्टेशनच्या पूर्वेकडून तुळींज-आचोळ्याच्या बाजूला जाणारा एक रस्ता, त्याला फुटलेल्या गल्ल्या आणि मधले मोकळे तुकडे यांचा सुधारणा आराखडा करायचा होता. फुटपाथ, झाडं, बाकडी, फेरीवाल्यांना जागा, रिक्षांना थांबा. अशा कामाचा एक साचा आता तयार झालेला आहे. पुणे महापालिकेनं 2016 मध्ये रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाले, त्यांवर बसायच्या जागा आल्या, आणि राज्यभरच्या कचेऱ्यांमध्ये ते फोटो सादरीकरणाच्या पहिल्या पानावर जाऊन बसले. तिच्या कचेरीतल्या पहिल्या ड्रॉइंगमध्येही तीच हिरवी गोल झाडं होती आणि झाडांखाली सावली खात बसलेली, परदेशी चेहऱ्यांची कापून चिकटवलेली माणसं होती.

ड्रॉइंग देखणं होतं. अडचण एवढीच, की त्यात जमीन सपाट होती.

नालासोपाऱ्याची जमीन कशी आहे हे कळायला थोडं लांबून पाहावं लागतं. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी. डोंगरावर पडलेलं पाणी पश्चिमेकडे निघतं, तेव्हा वाटेत त्याला आधी महामार्ग आडवा येतो आणि मग रेल्वेचा भराव. रेल्वे इथे 1860 च्या दशकात आली. विरारहून मुंबईकडे पहिली लोकल 1867 मध्ये धावली. तेव्हापासून दक्षिणोत्तर पसरलेल्या या भरावाखालून पाण्याला पलीकडे जायला मोजक्या मोऱ्याच तेवढ्या आहेत. भातशेती आणि खाजणं होती तोवर फारसं बिघडत नव्हतं. पाणी शेतात पसरायचं, थांबायचं, भरती उतरली की सावकाश निघून जायचं. त्या थांबण्याच्या जागांवर आज नालासोपारा पूर्व वसलेलं आहे.

वसलं तेही कसं? 1988 मध्ये वसई-विरार पट्ट्यातली बरीचशी हरित जमीन बांधकामासाठी खुली झाली. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर ते हेच. 1990 मध्ये सरकारनं या पट्ट्यासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. विकास आराखडा मंजूर झाला तो 2007 च्या फेब्रुवारीत. मधल्या सतरा वर्षांत माणसं थांबली नव्हती. गिरण्या बंद पडल्यावर लालबाग-परळच्या खोल्या विकून आलेली कुटुंबं होती, कोकणातून थेट आलेली होती, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली होती. 2001 च्या जनगणनेत एकट्या नालासोपारा नगरपरिषदेची लोकसंख्या 1 लाख 84 हजारांवर गेलेली होती. 2009 च्या जुलैत चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाख 22 हजार भरली. आराखडा कागदावर येईपर्यंत त्याच्या रेषांमधून गल्ल्या निघालेल्या होत्या. इमारती उभ्या राहिल्यावर मधे जे उरलं त्याचं नाव रस्ता.

अशा उरलेल्या जागेची मोजणी करायला ती आणि तिच्याबरोबरचा सर्वेअर तिपाई घेऊन गल्लीत शिरले. तिपाईवर उंची मोजायची दुर्बीण, म्हणजे ऑटो लेव्हल, आणि समोर पट्टी धरून उभा असलेला मदतनीस एवढंच सामान. पण तिपाईचे पाय जमिनीला टेकले नाहीत तोच दारं उघडली. माणसं गोळा झाली, पण जवळ येईनात. मग एका मावशींनी ओट्यावरूनच विचारलं, "ताई, आमची बिल्डिंग यादीत आहे का?"

कसली यादी, हे तिनं विचारायची गरज नव्हती. वसंत नगरीजवळच्या अग्रवाल नगरी भागातल्या 41 अनधिकृत इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत पाडण्यात आल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं रस्त्यावर आली. विकास आराखड्यात ती जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेली होती. म्हणजे आराखड्यातला एक रंगीत चौकोन अनेक वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हता आणि एके दिवशी तो बुलडोझर होऊन दारात आला. घरं घेणाऱ्यांनी पैसे मोजले होते, काहींनी कर्जं काढली होती. आरक्षण म्हणजे काय, ते कुठे पाहायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुसरीकडे, लाखोंच्या वस्तीला सांडपाण्याचं केंद्र लागतंच आणि ते उभं राहायला जागाही लागतेच. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आणि या दोन्हींच्या मधे आपण तिपाई घेऊन उभ्या आहोत हे तिला त्या गल्लीत नीट कळलं.

त्या दिवशी मोजणी कमी आणि बोलणं जास्त झालं. पाडायला नव्हे, रस्त्याची उंची मोजायला आलोय, हे पटल्यावर मात्र सूर पालटला. उंचीचं म्हणताय? मग आत या. प्रत्येकाकडे उंचीची एक तक्रार होती आणि प्रत्येकाकडे तिचा पुरावा होता.

मावशींचा पुरावा त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. गॅसच्या ओट्याशेजारी पेन्सिलीच्या दोन रेषा मारलेल्या. खालच्या रेषेपुढे 2005, वरच्या रेषेपुढे 2018. मधे केव्हातरी रंग काढला, तेव्हा रंगाऱ्याला बजावून तेवढी वीतभर पट्टी तशीच ठेवायला लावलेली. पाणी कुठवर आलं हे लोक विसरतात, म्हणून. सर्वेअरनं दारातून पट्टी आत घेतली, रेषांच्या उंची टिपल्या, बाहेर जाऊन रस्त्याची उंची टिपली आणि वहीत वजाबाकी केली. रस्त्यावरचं नवं काँक्रीट 2005 च्या रेषेच्या चार बोटं खाली होतं. तेव्हा या घरात पुराचं पाणी जिथवर चढलं होतं, जवळपास तिथवर आता रस्ताच आलेला होता.

तिच्या कामाची दिशा त्या वजाबाकीनं बदलली. कचेरीत परतल्यावर तिनं आराखडा बाजूला ठेवला आणि आडवे छेद काढायला घेतले. छेद म्हणजे रस्ता पावासारखा कापून बाजूनं पाहायचा. डावीकडे घराची लादी, मग उंबरा, गटार, गटारावरचा स्लॅब, रस्ता, पुन्हा स्लॅब, दुकानाची पायरी. पन्नास-शंभर पावलांवर एक याप्रमाणे छेद लावत गेल्यावर रस्त्याचं दुखणं कागदावर उमटायला लागलं. काही ठिकाणी घरं रस्त्याच्या खाली होती. काही ठिकाणी त्याहून गमतीचा प्रकार होता. रस्ता खाली आणि गटाराची भिंत वर. गटार एका वर्षीच्या कामात बांधलेलं, रस्ता दुसऱ्या वर्षीच्या. एकानं दुसऱ्याची उंची पाहिलेली नाही. पाणी गटाराच्या काठापर्यंत येऊन उभं राहतं, आत जात नाही. पाऊस थांबल्यावर गटार निम्मं रिकामं आणि रस्ता घोट्याभर पाण्यात, हे कोडं पूर्वेच्या रहिवाशांना नवीन नाही. तिला त्याचं उत्तर सेंटीमीटरमध्ये मिळालं.

2018 च्या जुलैत वसई-विरार काही दिवस पाण्याखाली होतं. लोकल बंद पडल्या, वीज गेली, नालासोपाऱ्याजवळ वडोदरा एक्स्प्रेस अडकून पडली आणि एनडीआरएफच्या जवानांना प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्यानंतर महापालिकेनं पुराची कारणं शोधायला आयआयटी मुंबई आणि नीरी या संस्थांची समिती नेमली. समितीच्या शिफारशींमध्ये धारण तलाव होते, म्हणजे पावसाचं पाणी ओहोटी येईपर्यंत थांबवून धरण्याच्या जागा. भातखाचरं आणि खाजणं जे काम फुकट करत होती, ते आता खणून, बांधून, खर्च करून करायचं. रस्त्याच्या रचनाकाराला या मोठ्या पाण्यावर इलाज नसतो. मोऱ्या रेल्वेच्या, नाले महापालिकेचे, भरती चंद्राची. पण रस्त्यावर पडलेला पाऊस कुणाच्या दारात जातो आणि कुणाच्या जात नाही, हे मात्र रस्त्याचा उतार ठरवतो आणि तो उतार कुणीतरी ड्रॉइंगवर काढलेला असतो किंवा काढायचा राहिलेला असतो.

छेद काढता काढता तिला फेरीवालेही वेगळे दिसायला लागले.

संध्याकाळी सातनंतर लोकल दर काही मिनिटांनी पूर्वेच्या जिन्यांवरून माणसं ओतते. खाली उतरलेल्या माणसाला तीन गोष्टी हव्या असतात. रिक्षा, भाजी आणि चालायला जागा. तिन्हींची मागणी त्याच चिंचोळ्या पट्ट्यावर. शेअर रिक्षांची रांग वळणापर्यंत येते, पाण्याचा टँकर गल्लीतून उलटा बाहेर निघत असतो आणि फुटपाथ म्हणावा त्या भागावर भाजीवाल्या बसलेल्या असतात. कचेरीतल्या भाषेत याला 'अतिक्रमण' म्हणतात आणि नकाशावर लाल ठिपका लावतात. तिनं ठिपके छेदावर लावून पाहिले. बहुतेक भाजीवाल्या गटारावरच्या स्लॅबवर बसलेल्या निघाल्या. कारण सोपं आहे. आजूबाजूला तेवढीच जागा कोरडी आणि उंच असते. पालथ्या क्रेटवर फळी, फळीवर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आणि खाली स्लॅब. पाऊस आला तरी माल भिजत नाही. नुसतं उठवून त्या जाणार कुठे? दुसरी तेवढी उंच जागा दिल्याशिवाय त्या पुन्हा तिथेच येणार.

पण भाजीवाल्या स्लॅबवर बसल्या, की स्लॅब उचलता येत नाही आणि गटार साफ होत नाही. त्यात स्लॅबही जाड, सलग ओतलेला. नालेसफाईच्या कामगारांना तो पहारीनं फोडावा लागतो. फोडलेला तुकडा मग तसाच राहतो आणि रात्री कुणाचा तरी पाय त्यात जातो. एका सफाई कामगारानं तिला ड्रॉइंगवर बोट ठेवून सांगितलं, "मॅडम, झाकण दोघांना उचलता येईल एवढंच करा. बाकी तुमची झाडं-बिडं कुठेही लावा." तिच्या पुढच्या ड्रॉइंगमध्ये झाडांच्या आधी झाकणाचं वजन ठरलं.

कायदा फेरीवाल्यांच्या बाजूनं बरंच काही बोलतो. 2014 चा पथविक्रेता कायदा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायला सांगतो, नगर पथविक्रेता समिती नेमायला सांगतो आणि त्या समितीत चाळीस टक्के विक्रेते हवेत असंही सांगतो. चालणाऱ्यांच्या बाजूनंही नियम आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या सूचनांनुसार फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर रुंदीची मोकळी जागा हवी आणि फुटपाथची कड 150 मिलिमीटरहून उंच नको. वीतभराहून कमीच. नालासोपाऱ्यात, आणि मुंबईच्या आसपास जवळपास सगळीकडे, फुटपाथ दीड-दोन विती उंच असतात. कारण पाणी. फुटपाथ उंच ठेवला की निदान तो तरी बुडत नाही, असं बांधणाऱ्याला वाटतं. मग साडी नेसलेली बाई, गुडघे दुखणारे आजोबा, पाठीवर दप्तर घेतलेली पोरगी, सगळे खाली उतरून रस्त्यानं चालतात आणि वरच्या फुटपाथवर मोटारसायकली उभ्या राहतात. दोन वेगवेगळ्या खात्यांचे वाटणारे हे प्रश्न, पुराचा आणि पादचाऱ्यांचा, छेदावर एकाच रेषेत येतात. रस्ता खाली आणल्याशिवाय फुटपाथ खाली आणता येत नाही.

जुन्या वस्तीत फार कापाकापी न करता काम करायची रीत आपल्याकडे नवी नाही. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार मूळचा जीवशास्त्रज्ञ. 1914 मध्ये तो भारतात आला, गावोगावच्या गल्ल्यांमधून पायी हिंडला आणि 1919 पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक होता. रुंद सरळ रस्ते काढण्यासाठी वस्त्या पाडणाऱ्या इंजिनियरांशी त्याचं कायम वाजायचं. मोडकळीला आलेलं एखादं घर काढा, विहीर साफ करा, पारावरचं झाड राखा, बाकीला हात लावू नका, असा त्याचा खाक्या होता. होळकरांच्या इंदुरात प्लेगचा धसका असताना त्यानं दिवाळीची एक मिरवणूक काढवली आणि जाहीर केलं, की मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरं सर्वांत जास्त दुरुस्त आणि स्वच्छ केलेली असतील, त्यांवरून जाईल. मग काय, आळ्या-आळ्यांमधून झाडलोट, डागडुजी आणि रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचं प्रचंड सोंगही होतं.

नालासोपाऱ्यातही मिरवणुकीआधी रस्ते दुरुस्त होतात. फरक इतकाच, की इथे जुना थर न काढता त्यावरच नवा टाकतात आणि बाप्पा गेल्यावर घर आणखी दोन बोटं खाली गेलेलं असतं.

सगळं ड्रॉइंगवर ठरवण्याआधी एक कोपरा प्रत्यक्ष करून पाहायचं तिनं ठरवलं. एका शाळेजवळच्या वळणावर फक्कीच्या रेषा आखल्या, वाळूनं भरलेली पिंपं ठेवली, रिक्षांची रांग थोडी मागे घेतली आणि रस्ता ओलांडायचं अंतर कमी केलं. रिक्षा स्टँडवरचे काका पहिल्यांदा भडकले. मग त्यांच्याच लक्षात आलं, की वळणावर आता रिक्षा अडकत नाही आणि फेरी लवकर सुटते. मुलं पिंपांना वळसे घालत पकडापकडी खेळली. संध्याकाळपर्यंत पिंपांच्या आतल्या मोकळ्या जागेत दोन हातगाड्या येऊन लागल्या होत्या. बरोबरच्या तरुण सहकाऱ्याला वाटलं प्रयोग फसला. तिला तसं वाटलं नाही. हातगाडीवाल्यांना सुरक्षित जागा कुठे वाटते याचं उत्तर आयतं मिळालं होतं. शाळेसमोर रस्ता उचलून, फुटपाथच्या पातळीला आणून ओलांडायची जागा करायची, हा पुस्तकातला उपाय मात्र तिनं त्या वळणावरून काढून टाकला. उतार पाहता तो उंचवटा म्हणजे पाण्याला घातलेला बांध झाला असता. तो पुढे, चढाच्या माथ्यावर सरकवला.

अशा कामात मधेच पश्चिमेला जाऊन येणं बरं असतं. रेल्वे ओलांडून श्रीप्रस्थाच्या इमारती मागे टाकल्या, की सोपारा गाव, गास, निर्मळ. जमीन तीच, पाऊस तोच, पण इथे पाण्याला नाव आणि पत्ता आहे. चक्रेश्वर मंदिराजवळचा तलाव, निर्मळचा तलाव, आणि वाड्यांमधली बावखलं. बावखल म्हणजे वाडीच्या सखल कोपऱ्यात खणलेलं उघडं तळं. पावसाचं पाणी त्यात उतरतं, जमिनीत मुरतं, विहिरींना गोडं ठेवतं आणि केळी-पानवेलींना पुरतं. भराव टाकून बरीच बावखलं बुजली, तशी ती वाचवण्यासाठी गावातली तरुण मंडळी गाळही काढू लागली. तिनं वहीत गटाराऐवजी बावखलाचा छेद काढला. पूर्वेच्या आराखड्यातल्या दोन मोकळ्या तुकड्यांवर तोवर गोल कारंजं आणि ओपन जिम काढलेलं होतं. परत आल्यावर ते तुकडे तिनं रस्त्याच्या पातळीपेक्षा हातभर खाली घेतले. आठ महिने मुलांचं क्रिकेट, गरबा, छठपूजा. पावसाळ्यात पाण्याला थांबायला जागा. कडेला बसायला पायऱ्या.

सोपारा गावात बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी टेकडी 1882 च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणली आणि आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच वर्षी जवळच्या भाटेला तलावापाशी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा 1956 मध्ये भुईगावात. आठव्या लेखात राजा सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जायचे, मी धर्मयात्रांना जातो, गावोगावच्या माणसांना भेटतो, त्यांच्याशी बोलतो. सोपारा तेव्हा मोठं बंदर होतं. पुढे खाडी गाळानं भरत गेली आणि गलबतं येईनाशी झाली. जमिनीची पातळी बदलली, की गावाचं काय होतं याचा अडीच हजार वर्षांचा दाखला हाकेच्या अंतरावर आहे, आणि पूर्वेच्या शाळांतली बरीच मुलं तिथे कधी गेलेली नाहीत. स्टेशनपासून स्तुपापर्यंत सावलीतून चालत जाता येईल असा एक रस्ता तिनं आराखड्याला जोडला. तो तिच्या कामाच्या हद्दीबाहेरचा होता. तिनं तुटक रेषेनं काढला.

सादरीकरणाचा दिवस आला, तेव्हा सगळे छेद भिंतीवर लावलेले होते. पहिला प्रश्न पेव्हर ब्लॉकच्या रंगाचा आला. दुसरा, कमान कुठे येणार. तिसरा प्रश्न मात्र मागे बसलेल्या एका ज्येष्ठ इंजिनियरांनी विचारला, "ही उणे तीस सेंटीमीटरची रेषा काय आहे?" मग तासभर त्याच एका रेषेवर बोलणं झालं. काँक्रीट टाकण्याआधी जुने थर खरवडून काढायचे. तयार रस्त्याची उंची आधी ठरवायची आणि शेजारच्या घरांच्या लादीशी तिचा संबंध ड्रॉइंगवर लिहायचा. दर काही मीटरवर मंदिराच्या पायरीवर, सोसायटीच्या फाटकाच्या खांबावर उंचीची खूण कायमची कोरून ठेवायची, म्हणजे पुढच्या ठेकेदारालाही ती बंधनकारक राहील आणि रहिवाशांनाही पट्टी लावून तपासता येईल. इंजिनियरांचा अनुभव मोठा होता. ते म्हणाले, हे सगळं बरोबर आहे, पण थर टाकायला दर आहे, मोजायला सोपं आहे, बिल लगेच निघतं. थर काढायचं काम खाली केबल निघेल, पाइप निघेल या भीतीनं कुणी घेत नाही. 2023 च्या अखेरीपासून सूर्या योजनेचं जादा पाणी शहरात यायला लागलं आहे, त्याच्या वितरणासाठी अजून खोदकामं व्हायची आहेत. तेव्हा आधी पाइप, मग गटार आणि सगळ्यांत शेवटी रस्ता, हा क्रम पाळायला लावणं हेच खरं काम.

निविदेच्या मसुद्यात हा क्रम आणि खरवडण्याची बाब आता घातलेली आहे. दरसूचीतून दर काढले, खोली ठरली, किती घनमीटर निघेल याचं गणित झालं. अडलंय ते एका रकान्यावर. खरवडून निघालेलं डांबर आणि फोडलेलं काँक्रीट टाकायचं कुठे? या पट्ट्यात राडारोडा वाहणारे डंपर रात्री कुठे रिकामे होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. जिथे अजून खाजण किंवा पाणथळ शिल्लक आहे, तिथे. म्हणजे या गल्लीतली घरं वर काढायची आणि त्यांच्यासाठी निघालेल्या राडारोड्यानं शेजारच्या गावाचं पाणी अडवायचं. तिनं तो रकाना कोरा सोडून मसुदा पाठवायला नकार दिलाय. निघालेला माल फोडून, चाळून त्याच रस्त्याच्या पायाच्या थरात वापरता येईल का, त्यासाठी यंत्र किती दिवस लागेल, ते उभं करायला जागा कोण देईल, याची विचारपूस चालू आहे. इंजिनियरांनी एका बंद पडलेल्या गोदामाचं आवार सुचवलंय. पुढच्या आठवड्यात तिपाई घेऊन तिथे जायचं आहे. आवार रस्त्यापेक्षा खाली आहे असं ऐकलंय.